जीपचं स्टेरिंग ढिलं, पार्ट मिळंनात: काय लेथवर बनवायचं आणि कशाला हातच लावायचा नाही

प्रश्न असा आलाय. केज तालुक्यातल्या एका भाऊंकडं आजोबांची १९७१ ची महिंद्रा जीप आहे, सीजे-३बी. पंधरा वर्षं गोठ्याशेजारी उभी होती, आता चालू केली, इंजिन मस्त लागलंय, पण स्टेरिंगचं चाक चार बोटं रिकामंच फिरतं, चाक धरून वर ओढलं की आतली रॉड वरखाली होते, खड्ड्यात खडखड वाजतं, हॉर्न मनात आलं तर वाजतो. गावातला मिस्त्री म्हणतो हे पार्ट आता येत नाहीत, बोलेरोचं अख्खं स्टेरिंग बसवून टाकू. तर बसवावं का?

भाऊ, मिस्त्रीला म्हणावं दोन दिवस दम धर. मी जालन्यात बत्तीस वर्षं हेच करतोय, जीपा, फियाट, अँबेसेडर, आणि 'पार्ट येत नाही' हे वाक्य मी रोज ऐकतो. त्यातल्या निम्म्या वेळा खरी गोष्ट एवढीच असते की तो पार्ट नंबर टाकून डब्यात मिळत नाही. पण मिळत नाही म्हणजे बनत नाही असं नसतं. तुमच्या स्टेरिंगात आत मोजून आठ-दहा चिजा आहेत, त्यातल्या सहा-सात मापानुसार बाजारात मिळतात नाहीतर चांगला टर्नर तासाभरात बनवून देतो. उरलेल्या दोन-तीन मात्र कुणी कितीबी म्हणलं तरी बनवायच्या नाहीत, जोडायच्या नाहीत, वेल्डिंग तर अजिबात नाही. पैसे आणि फिरफिर त्या दोन-तीनासाठी राखून ठेवा.

पण खोलायच्या आधी ढिलाई कुठं आहे ते बघा, कारण लोक काय करतात, चाक रिकामं फिरलं की डायरेक स्टेरिंग बॉक्स खोलतात आणि दोष निघतो खाली लिंकमधे. गाडी जमिनीवरच ठेवा, जॅक लावू नका, एक माणूस वर बसवून चाक हळूहळू डावीउजवीकडं हलवायला लावा आणि तुम्ही खाली पडून हात लावून बघा. चाक हललं पण ड्रॉप आर्म, म्हणजे बॉक्समधून बाहेर आलेला आर्म, हलला नाही तर दोष बॉक्समधे. ड्रॉप आर्म हलला पण पुढची ड्रॅग लिंक, म्हणजे त्या आर्मला जोडलेला दांडा, उशिरा हलली तर तिचे टोकाचे बॉल आणि कप गेलेत. ह्या जुन्या मॉडेलला पुढच्या क्रॉस मेंबरवर मधे बेलक्रँक असतो, म्हणजे पिनेवर फिरणारा जोड, तो वरखाली डुलत असेल तर त्याची पिन आणि बेरिंग. मग टाय रॉड एंड, म्हणजे पुढच्या चाकांच्या जोडदांड्याची टोकं, मग किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन. मागच्या पावसाळ्यात परतूरची एक जीप आली होती, मालकानं बॉक्सवर चार हजार घातले होते आणि निम्मी ढिलाई निघाली बेलक्रँकच्या पिनमधे. असो. तुमची रॉड वरखाली होते म्हणजे तुमच्या बॉक्समधे तर काम आहेच.

आता आतली रचना सांगतो म्हणजे मिस्त्रीशी बोलता येईल. बाहेर एक पाईप, तो नुसतं कव्हर आहे, फिरत नाही. त्याच्या आत पोकळ रॉड, वरच्या टोकाला चाक बसतं, खालच्या टोकाला गरगर खाच पाडलेला दांडा. त्याला आपल्याकडं सगळे वर्म म्हणतात, खरं नाव कॅम, ही रॉस कंपनीच्या डिझाईनची कॅम आणि लिव्हर स्टेरिंग, विलिजच्या जुन्या लष्करी जीपपासून चालत आलेली. कॅमच्या दोन्ही अंगाला बॉल, त्यावर रॉड फिरते. आडवा एक शाफ्ट असतो, त्याच्या लिव्हरवर दोन पिना, त्या पिना कॅमच्या खाचेत चालतात, आणि त्याच शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला ड्रॉप आर्म. पाईपच्या वरच्या तोंडाला एक छोटी बेरिंग, तिच्यावर स्प्रिंग, स्प्रिंगची सीट, मग चाक. झालं सगळं.

सगळ्यात जास्त रडारड ह्या वरच्या बेरिंगची असते. ही साधी डब्यातली सीलबंद बेरिंग नाही, पाईपात बसणारा कप, थोडे बॉल आणि वरून स्प्रिंगनं दाबलेली सीट असा कारभार आहे. उन्हातान्हात उभ्या गाडीत वरून पाणी जातं, बॉल गंजतात, कप खडबडीत होतो, मग चाक बाजूला डुलायला लागतं. हिच्यावर वजन जवळजवळ काहीच येत नाही, ही फक्त रॉडला पाईपच्या मधोमध धरते, म्हणून हिच्या जागी बुश, म्हणजे साधी गोल नळी, चालतो आणि मी बिनधास्त चालवतो. माप घ्यायचं ते व्हर्निअरनं, पाईपचा आतला व्यास तीन जागी, रॉडचा बाहेरचा व्यास तीन जागी, कारण पन्नास वर्षांत दोन्ही ओव्हल झालेले असतात. जीपचं सगळं माप इंचात आहे आणि आजकालच्या टर्नर पोरांना मिलीमीटरशिवाय समजत नाही, म्हणून दोन्ही लिहून द्या, नाहीतर तो 'जवळपास' करून ठेवतो आणि एक सूत कमीजास्त म्हणजे इथं बोंब. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलीमीटरच्या जरा आत, स्टेरिंगात एवढ्यात बैलगाडी जाते.

बुश कशाचा करायचा यावर माझी एक चूक सांगतो. पहिल्यांदा मी नायलॉनचा केला, दिसायला गोरापान, फिरायला मख्खन, गिऱ्हाईक खुश. एप्रिलमधे तोच माणूस परत, म्हणे दुपारी चाक जड होतं आणि संध्याकाळी हलकं होतं, काही भूतबाधा आहे का. तर नायलॉन गरमीनं आणि दमटपणानं फुगतो, आपल्याकडं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत उघडी जीप उभी राहिली की त्या पाईपला हात लावता येत नाही. मी बुश टाईट बसवला होता, फटच ठेवली नव्हती. दुसरी गंमत, त्याचा हॉर्न पण कधी लागायचा कधी नाही, आणि ते तुमच्याशी जुळतंय म्हणून जरा नीट वाचा. जीपचा हॉर्न अर्थवर चालतो. वायर चाकाच्या बटणापर्यंत येते, बटण दाबलं की ती वायर स्टेरिंगच्या लोखंडाला टेकते, तिथून रॉड, रॉडमधून बेरिंग, बेरिंगमधून बॉडी, असा करंट पुरा होतो. वरती नायलॉन घातला की तो एक रस्ता बंद, खाली बॉक्समधले बॉल तेलात असतात, तिथून अर्थ मिळाला तर मिळाला. तेव्हापासून मी वरचा बुश गनमेटलचाच, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचाच करतो, फिरता राहील एवढी फट, वर ग्रीसचा हात, आणि त्याच्यावर नमद्याची एक चकती, म्हणजे धूळ अडते. तुमच्या गाडीत कुणी बुश बदललेला नसेल तर हॉर्नचं कारण गंज किंवा झिजलेला ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला टेकून करंट देणारा छोटा तुकडा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक चाकाच्या नटाला टेकवा, बल्ब पूर्ण पेटला तर रॉडला अर्थ आहे, मग दोष वायर-बटण-ब्रशमधे. मंद पेटला, लुकलुकला तर बेरिंगमधे. अन् मंद असेल तर उगं नवीन हॉर्न आणू नका.

ब्रश आणि त्याची छोटी स्प्रिंग मिळत नसेल तर डायनामो-सेल्फवाल्याकडं जा, जुना कार्बन किंवा तांब्याचा ब्रश कानशीनं घासून त्या मापाचा होतो. रबराच्या ग्रोमेट, डॅशबोर्डखालच्या क्लॅम्पमधलं रबर, हे तर ट्रकच्या मडफ्लॅपमधून कापतो मी. ह्यात काही शास्त्र नाही.

आता खालचे बॉल. हे सुटे स्टीलचे बॉल असतात, मायक्रोमीटरनं मोजा आणि त्या इंची मापाचे नवीन घ्या. बेरिंगवाल्याकडं नग नगानं मिळतात, आणि हसू नका, काही मापं सायकलच्या दुकानात पण असतात, सायकलच्या मागच्या हबमधे पाव इंची बॉल असतो आणि पुढच्यात तीन सोळांश. फक्त जुने-नवे मिसळू नका. सगळे एका पुडीतले घ्या, कारण एक बॉल केसभर मोठा असला की सगळं ओझं तोच घेतो आणि आठ दिवसांत कप फोडतो. कपवर बोटाचं नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर कप बदला, पॉलिश करत बसू नका.

ते खड्डे पडतात कशानं माहितीय का, आपल्याच हातानं. चाक निघत नाही म्हणून मिस्त्री नट सैल करतो आणि रॉडच्या डोक्यावर दोन किलोचा हातोडा हाणतो. तो मार सरळ खालच्या बॉलवर जातो आणि बॉल कपमधे रुततात. मग चाक फिरवताना टक-टक असं दाताळं लागतं. डिझेलमधे दोन दिवस भिजू द्या, पुलर, म्हणजे स्क्रूनं ओढून काढायचं हत्यार, लावा, पुलर नसेल तर भाड्यानं आणा, पण हातोडा नको. ड्रॉप आर्मचं पण तेच, पुलरच, आणि काढायच्या आधी शाफ्टवर आणि आर्मवर सेंटर पंचनं समोरासमोर टिंब मारा. गॅसनं तापवून काढायचं नाव काढू नका, त्या आर्मचं पाणी, म्हणजे लोखंडाचा कडकपणा, जातं आणि मग तो वाकतो.

तुमची रॉड वरखाली होते त्याचा इलाज बहुतेक फुकटातच आहे. बॉक्सच्या वरच्या झाकणाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या असतात, शिम. बॉल-कप चांगले असतील तर एक शिम काढली की रॉडचा उभा खेळ जातो. एक एक काढायची, प्रत्येक वेळी झाकण आवळून बघायचं. खेळ गेला पाहिजे पण चाकाची कड अंगठा आणि एका बोटात हलकी धरून फिरवता आली पाहिजे. हे करताना ड्रॅग लिंक सोडलेली हवी, नाहीतर तुम्ही बॉक्सचा नाही टायरचा जडपणा मोजाल. शिम फाटली असेल तर शिमचा पत्रा हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतो, जुनी शिम ठेवून कात्रीनं कापा. कागद घालू नका, मी बॉक्समधून विडीच्या बंडलाचा कागद काढलेला आहे.

त्याच्यानंतर, आणि त्याच्यानंतरच, बाजूच्या झाकणावरचा स्क्रू. त्यानं आडव्या शाफ्टच्या पिना खाचेत आत दाबल्या जातात. इथं शंभरातले नव्वद लोक घोळ घालतात. ती खाच सगळीकडं सारखी नाही, मधे मुद्दाम अरुंद ठेवलेली आहे, म्हणजे गाडी सरळ जाताना स्टेरिंग घट्ट लागावं. म्हणून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेढे फिरतं ते मोजा, बरोबर निम्म्यावर आणा आणि तिथंच स्क्रू बसवा, मधून जाताना अगदी किंचित अडकल्यासारखं वाटलं की लॉकनट आवळा. चाक वळलेलं असताना स्क्रू पिळला तर तिथं छान वाटतं आणि मधे आलं की जाम. मधे बरोबर लावूनसुद्धा कडेला थोडं ढिलं राहणार, ते राहू द्या, ते तसंच असतं.

ह्या स्क्रूनं काहीच फरक पडला नाही, नाहीतर मधे ढिलं आणि लगेच बाजूला घट्ट, तर मग पिना चपट्या झाल्यात किंवा कॅमची खाच मधे खाल्लीय. इथून ते दोन-तीन पार्ट सुरू होतात ज्यांच्याबद्दल मी म्हणलो. आतली रॉड कॅमसकट, तो आडवा शाफ्ट पिनांसकट, आणि ड्रॉप आर्म. ह्यातलं काही लेथवर बनवून घेऊ नका. बनत नाही असं नाही, आकार हुबेहूब बनेल, आपल्याकडं कारागीर काय कमी आहेत का, पण त्या लोखंडाची जात आणि वरचं कडकपण आणायचं म्हणजे हीट ट्रीटमेंट, ती बरोबर झाली का नाही हे बघायची सोय तुमच्या-माझ्याकडं नाही. मऊ राहिली तर सहा महिन्यांत झिजंल, ते परवडलं. जास्त कडक झाली तर काचेसारखी तुटंल.

आणि रॉडला वेल्डिंग म्हणजे तर साफ नाही. एक जीप माझ्याकडं टोचन करून आलेली, पाईप-रॉड दोन्ही मधे कापून लांब केलेल्या, कारण मालक उंच होता. वेल्डिंग सुंदर होतं, ग्राइंडर मारून रंग दिलेला, कुणाला ओळखू येऊ नये. वेल्डिंगच्या शेजारी, जिथं लोखंड तापून कडक झालेलं असतं, तिथं बारीक चीर गेली आणि शेतातून रस्त्यावर वळताना चाक हातात गरगर फिरलं. शेत होतं म्हणून बांधावर जाऊन थांबली. तोच माणूस दर गुरुवारी धारूरचा घाट उतरायचा. रॉडचा फक्त वरचा भाग, जिथं बुश बसतो तेवढाच झिजला असेल तर त्याला उपाय आहे, चिकलठाणा-वाळूजच्या एमआयडीसीत हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंगवाले आहेत, तिथं काम होतं. नाहीतर सोपं म्हणजे बुशच त्या मापाचा करा, रॉडला हात नको.

मग हे दोन-तीन पार्ट आणायचे कुठून. आधी जवळचं सांगतो, जालन्यात शोधू नका. आमच्या गावाला लोक सोन्याचा पाळणा म्हणतात पण जुन्या गाड्यांचं ते सरण आहे, स्टीलच्या भट्ट्यांना भंगार लागतं आणि चांगल्या चांगल्या जीपा मी डोळ्यांदेखत सळई होताना बघितल्यात. ट्रक भट्टीच्या गेटात शिरायच्या आधी गाठ पडली तर ठीक. खरा माल दिल्लीला, काश्मिरी गेटच्या बाजारात जीपचे नवीन बनावटीचे पार्ट अजून मिळतात, आणि जुना काढलेला माल मायापुरीत. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जीपा बांधायचाच धंदा आहे, तिथल्या लोकांना रॉस बॉक्स म्हणलं की पुढचं सांगावं लागत नाही. आपल्याला जवळ पडतं ते हैदराबाद, लातूर-नांदेडचे मिस्त्री तिकडूनच आणतात. नुसता फोटो पाठवून मागवू नका, फोटोत पार्टशेजारी व्हर्निअर ठेवा आणि लांबी, व्यास, वरच्या दातांची संख्या लिहून पाठवा, जमलं तर नमुना घेऊन स्वतः जा.

नवीन बनावटीचा माल हातात आला की पहिलं काम, एक बारीक कानस घ्या आणि पिनेच्या कडेला हळूच फिरवा. कानस घसरून गेली तर पार्ट कडक आहे. कानशीनं चावा घेतला, चुरा पडला, तर परत करा, मग तो कितीबी चकाचक असू द्या. त्याच्यापेक्षा जुनी ओरिजिनल, खाचेत नख न अडकणारी रॉड दुप्पट पैशानं घेतली तरी चालंल.

अमेरिकेतून मागवणाऱ्यांना एक गोष्ट. तिकडं ह्या जीपांचे शौकीन लई आहेत, पार्ट पण मिळतात, पण त्यांची गाडी डाव्या हाताची. वरची बेरिंग, स्प्रिंग, हॉर्नचं बटण असलं बारीक सामान माप बघून मागवा, पण बॉक्स, रॉड, आडवा शाफ्ट मागवायच्या आधी उजव्या हाताच्या गाडीचं आहे का हे लेखी विचारा. एकानं आणलं होतं, कस्टमचे पैसे भरून, आता ते त्याच्या हॉलमधे शोकेसला आहे.

बोलेरोच्या स्टेरिंगचं म्हणाल तर मी करत नाही. बसत नाही असं नाही, वेल्डिंग मशीन असलं की कशावरबी काहीबी बसतं. पण त्यात नवीन ब्रॅकेट, चासीला भोकं, बदललेली लिंक, आणि लिंकचा कोन चुकला की खड्ड्यात गाडी आपोआप वळते, स्टेरिंग न फिरवता. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीनं दिलेल्यापेक्षा गाडीत असा बदल करायला मनाई, पासिंगला गाडी नेली की तिथं अडणार. आणि तुमची गाडी पन्नास वर्षांच्या वरची आहे, २०२१ पासून अशा गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, व्हीए सिरीजचा नंबर, त्याला गाडी मूळ रूपात लागते. आजोबांची जीप आहे, तो दरवाजा स्वतःच्या हातानं बंद करू नका.

फियाट आणि अँबेसेडरवाले पण वाचत असतील तर त्यांना दोन शब्द. हे सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. अँबेसेडरला बॉक्स नाहीच, रॅक-पिनियन आहे. पद्मिनीला, म्हणजे आपल्या फियाटला, माप मिलीमीटरमधे, इटलीची गाडी ना, आणि तुमची खडखड स्टेरिंगची नसून शंभरातून साठ वेळा कॉलमवरच्या गियरच्या रॉडच्या बुशांची असते, ते बुश मात्र नायलॉनचे चालतात. माल आत्ताच घेऊन ठेवा. उत्तरपाड्याचा अँबेसेडरचा कारखाना २०१४ ला थांबला आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ ला निघाली, टॅक्सीच्या जिवावर जो बाजार जिवंत होता तो आता किती दिवस राहतो बघा.

परत तुमच्याकडं. जोडताना बॉक्समधे ९० नंबरचं गियर ऑईल घाला, ग्रीस नको. गळतं म्हणून लोक ग्रीस कोंबतात, ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत येत नाही आणि खालचे बॉल कोरडे चालतात. गळत असेल तर आडव्या शाफ्टचं सील बदला, मापाचं ऑईल सील कुठंबी मिळतं, आणि सील टिकत नसेल तर शाफ्टचे बुश गेलेत, ते गनमेटलचे करून रीमर मारून घ्या. ड्रॅग लिंकच्या स्प्लिट पिना सगळ्या नव्या, जुनी सरळ करून परत घालायची नाही. चाकाचा आणि ड्रॉप आर्मचा नट पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर परत एकदा पान्यानं बघा, नवीन बसलेलं सामान थोडं बसतंच.

रॉड बाहेर काढल्यावर कॅमच्या मधल्या खाचेत नख फिरवून बघा आणि पिनांवर चपटा भाग किती रुंद आहे तो मोजा. तो आकडा आणि रॉडची एकूण लांबी मला कळवा, मग दिल्लीला जायचं का शिम काढून भागतंय ते सांगतो. तोवर गाडी शेतातल्या शेतात फिरवा, अंबाजोगाईच्या रस्त्याला घालू नका.